बाबांची गोळी

पुणे, ४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
मनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तू ओरडतेस अन् मी रडते, म्हणून लिहिते आहे.

बाबांना हार्ट अटॅक आला, संभाजीनगरला नेऊन स्टेंट बसवला, आणि मला कळलं सगळं उरकल्यावर. बाबांवर हक्क काय तुझ्या एकटीचाच? माझ्या सासऱ्यांनाही स्टेंट आहे. त्यांना रक्त पातळ करायची नवी, जोरदार गोळी दिली. आता रोज टेकडी चढतात. आपल्या बाबांना मात्र जुनी, साधी गोळी! सासऱ्यांच्या गोळीचं पाकीट बाबांच्या नावाने कुरिअर केलं आहे. लेक मीही आहे ना?

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझी मनाली

देऊळघाट, १७ नोव्हेंबर

चि. मनालीस,
आशीर्वाद अन् जयभीम. बाबा सुखरूप आहेत, हे आधी वाच.

तुझं पाकीट त्यांनी मले न सांगता ठेवून घेतलं अन् मी देते त्या गोळ्यांसंगं तुझीही घेऊन राह्यले होते. काल नाकातून रक्त सुरू झालं, थांबेचना. बुलढाण्याच्या दवाखान्यात पळालो. डॉक्टर माझ्यावरच तापले. म्हणाले, ज्याले आधी लकवा होऊन गेला त्याले ही गोळी देत नाहीत. डोक्यात रक्त वाहून जीव जाऊ शकते. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी लकव्याचं विचारूनच ती साधी गोळी निवडली होती. तुह्या सासऱ्याले लकवा झाला नव्हता, बाई.

पण जीव जळला तो दुसऱ्याच गोष्टीनं. लकवा झाला तवापासून त्यांचं अंग मी पुसते, घास मी भरवते, अन् माझ्या हातची गोळी घेताना त्यांच्या कपाळाले आठ्या. तुही गोळी मात्र हौसेनं गिळली. काऊन घेतली विचारलं, तर म्हणे, मनूनं एवढ्या दुरून धाडली, तिले वाईट वाटलं असतं. मले तुहा असा हेवा वाटला, की तिथंच रडू कोसळलं.

आता ये अन् तूच सांभाळ. तू आली की मी पिंपळगाव राजाले, सिंधूआत्याकडे जाईन. डॉक्टरनं लिहिलं तेवढंच द्यायचं.

रागावलेली, तरी तुहीच,
महामाया

देऊळघाट, ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. आत्यालाही जयभीम सांगणे. ताई, बाबांचं रक्त पुन्हा आलं नाही. परवा डॉक्टरांनी तपासलं, हृदय बरं चाललंय म्हणाले. ते पाकीट मी त्यांच्यासमोरच कचऱ्यात टाकलं. माझ्या हातून केवढं विपरीत होत होतं; आता प्रत्येक गोळी डॉक्टरांच्या कागदाशी ताडून मगच देते.

आणि आता माझी गंमत ऐक. मी पुण्याहून आले, त्यांना आवडतं तसं वांग्याचं भरीत केलं. जेवले. मग शेजारच्या गोजरबाईंना सांगत बसले की महामाया लई वाळली, आत्याकडे जेवते का नाही कोण जाणे. एसटी थांबली की मान उंच करून बघतात. मी समोर बसलेली असते, ताई. मला ते तुझं नाव घेऊन हाक मारतात.

आज रविवारी परतणार होते, ते आता लांबवलं आहे. तू ये. दोघी इथेच राहू; मग बघू, बाबा कुणाची आठवण काढतात.

वाट पाहणारी,
मनाली