फोडलेली पाटी

अण्णा, गेटवरची तुमची ‘एव्हन’ कोरलेली संगमरवरी पाटी मी काढायला लावली. गवंड्यानं पहार घातली, व्हिडिओ कॉलवर मी ती फुटताना पाहिली आणि मला बरं वाटलं. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी बरं वाटलं.

कऱ्हाडात घर बांधलंत, दोन नद्या हाकेच्या अंतरावर. आई म्हणाली, ‘कोयना’ नाव देऊ, माझं माहेर तिच्या काठचं. वास्तुशांतीची पंगत बसलीय, आई जिलबी वाढतेय आणि तुम्ही, इंग्रजीचे सर, तिला सगळ्यांसमोर थांबवता. “म्हण, एव्हन.” ती ‘आवन’ म्हणते. “पुन्हा.” तिसऱ्यांदाही चुकते. “इंग्रजीतल्या महाकवीच्या गावची नदी आहे ती. जगात एकच. तुझ्या माहेरचा ओहोळ नव्हे,” असं म्हणालात. पंगत खदखदून हसली. आई ताट घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. उरलेली जिलबी मावशीनं वाढली.

मी आता क्राइस्टचर्चला असते, हॉर्नबी उपनगरात. शहरातून वाहते तीही एव्हनच. आधी वाटलं, इथेही तुम्ही माझी पाठ सोडत नाही. मग लेकीला शाळेत नदीचं प्रोजेक्ट आलं. “आजी, देअर आर हीप्स ऑफ एव्हन्स!” असं माझ्या आईला सांगत सुटली; ढीगभर एव्हन आहेत म्हणे. इंग्लंडातच चार-पाच आहेत, अण्णा. इथली तर महाकवीचीही नाही. स्कॉटलंडहून इथे येऊन वसलेल्या दोघा भावांनी आपल्या गावाकडच्या ओढ्याचं नाव तिला दिलं. ओढ्याचं! त्याआधीपासून इथले मूळचे माओरी लोक तिला ओटाकारो म्हणतात, तेही कुणी विचारलं नाही. आणि इंग्लंडातल्या मूळ जुन्या भाषेत एव्हनचा अर्थ काय, तर नदी. नुसती नदी. तुम्ही समोर हवे होतात. भरल्या पंगतीत तुमच्याकडून हे तीनदा म्हणवून घेतलं असतं.

आई सध्या माझ्याकडेच आहे. शनिवारी तिला नदीकाठच्या बाकावर बसवलं आणि पाटीचं सांगितलं. ‘कोयना’ अशी नवी करायला टाकलीय, म्हटलं. ती खूश होणार याची मला खात्री होती. ती बदकांकडे बघत राहिली.

“मला विचारायचं तरी होतंस,” म्हणाली. मग, “त्यांचं काही नाही गं. ते सगळ्यांनाच तसं बोलायचे. त्या दिवशी तूही हसलीस.”

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहू शकते. हसले होते, अण्णा. नऊ वर्षांची होते, तुमच्या शेजारच्या पाटावर होते, आणि तुमच्याकडे बघून सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.