नावाआधीचे अक्षर

दरेकसा स्टेशन, मध्यप्रांत

प्रिय सुशीला,

नागपूरच्या प्रकाशकांचा होकार आज आला. लिफाफ्यावर तुझे नाव. आत लिहिले आहे, "आपला ताप एव्हाना उतरला असेल, अशी आशा आहे."

काय उत्तर देऊ?

तुला जाऊन वर्ष होत आले. आजारपणात तू प्रकाशकांसाठी पत्रांची चळत लिहून ठेवलीस. सगळ्यांत तेच: मी दरेकशास राहते, मोहफुले वेचणाऱ्या बायकांच्या गोष्टी लिहिल्या आहेत, ताप उतरला की पुढल्या लिहायला घेते. मला मात्र दोन ओळी लिहिल्या नाहीस!

हस्तलिखित परत आले की मी त्यावर तुझे पुढचे पत्र ठेवायचो आणि दुसरीकडे धाडायचो. तिकिटाची खिडकी सोडून ते पार्सल मी स्वतः गाडीतून उतरवून घ्यायचो. वाटे, तूच माहेराहून आलीस.

आता यांची अट आहे: पुढचे पुस्तक त्यांनाच द्यायचे, तरच हे छापणार. आणि विचारतात, नावाआधी सौ. लावू ना?

फुलाबाई इथे आपल्याच अंगणात मोहफुले वाळत घालत होती. गोष्टी तिच्याच तोंडच्या, म्हणून तिला पत्र वाचून दाखवले.

"लावू द्या नं सौ. बाई सवासीनच गेली."

"पण गेली, हे कळवायला नको?"

"कायले? तुम्ही कळवसान अन् ते गठ्ठा वापस करतीन. माह्या गोष्टी काय उंदरांनं खायच्या? बाईनं पाठवलं, बाईले चिठ्ठी आली. तुम्ही मधात काऊन येता, बाबूजी?"

नुसते "होय" लिहिले की पुस्तक निघते. किती झुरलीस तू त्यासाठी!

दुपारी तुझ्या चटईवर लिहायला बसलो, पण टाक खाली ठेवला. "होय" म्हटले, की ते लोक तुझ्या पुढच्या गोष्टींची वाट पाहत राहणार. ती वाट कशी असते, मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात भांडे वाजले की मी अजून वळून बघतो. तुझी वाट पाहायला मी एकटा पुरे.

म्हणून खरे ते लिहिले. नावाआधी कै. छापा, म्हणालो. ते अक्षर मी आज पहिल्यांदा लिहिले, सुशीला. त्यानंतर घरात कसलाच आवाज नाही.

तसे सांगितले, तर फुलाबाई रागावून गेली. तूही रागावलीस का?

गठ्ठा कदाचित परत येईल. आला तर पुन्हा पाठवीन. तुझी पत्रे संपली. आता सोबतचे पत्र मी लिहीन, मला येते तसे. पुस्तक निघेपर्यंत पाठवत राहीन, एवढे वचन घे.

तुझा,
विनायक