दादांच्या गाडीची उंची

१ डिसेंबर, रविवार
ट्रॅकवरून आलो तो पाठ धरलेली. नवशिक्यांच्या रिमोटच्या गाड्या लावून दिल्या. सगळ्यांचं एकच, गाडी जमिनीला चिकटून असली की पळते. गुळगुळीत रस्त्यावर ठीक. खडकवासल्याच्या अलीकडे आमचा ट्रॅक मातीचा, उंचवट्यांचा. पोट घासतं, गाडी अडते. चाकाजवळच्या शॉकवरची कॉलर, म्हणजे आट्यांचं कडं, फिरवून स्प्रिंग दाबली की गाडी वर येते. एवढंच शिकवतो. या वयात हा नाद कशाला, ऑफिसात विचारतात.
सौ. म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी दादाला न्याल का?" वहिनी गेल्यापासून तिचा दादा घराबाहेर पडत नाही. जेवणाचा डबा येतो, अर्धा परत जातो.

४ डिसें., बुध.
ऑफिसातून परस्पर शनिवार पेठेत, दादांकडे. मुलाने परदेशातून पाठवलेली गाडी खोक्यातच. "चिरंजीवांच्या मते बाप खेळण्यांच्या वयाला आला."
रविवारी चला म्हटलं.
"बघणारे असतात?"
"थोडे."
"मग नको."
निघताना खोकं मात्र स्वतःच हातात दिलं. "लावून तर ठेवा."
स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. पाणीही बाहेरच्या बाटलीतलं दिलं. वहिनींच्या ओट्याकडे ते जात नाहीत, सौ. म्हणते ते खरं.

७ डिसें., शनि.
कंपनीत मालाची मोजदाद. दिवसभर उभा. रात्रीच्या जेवणाआधी दादांच्या गाडीची बॅटरी काढून चार्जिंगला लावली, गाडी टेबलावर घेतली. वीतभर वरून सोडायची, स्प्रिंगा स्थिरावल्या की खाली पट्टी लावून उंची मोजायची. चारही बाजू सारख्या आल्या. जप करताना डोळा लागला.

८ डिसें., रवि.
दादा आले. इस्त्रीचा शर्ट. सौ.ला लगेच फोन करून सांगितलं.
पहिल्याच उंचवट्यावर गाडी पोटावर अडकली, चाकं नुसती गरगर. नवशिक्यांची शर्यत सांभाळणारी सायली उचलून पुढे ठेवायची, पुन्हा अडकायची. पोरं हसली. वाईट मनाने नाही. दादा म्हणाले, "पोटावर लोळायचं तर घरी गादी आहे." रिमोट बाकावर ठेवला.
सायलीने गाडी उलटी करून पाहिली. "काका, उंची बॅटरी घालूनच लावली होती ना?"
नव्हती. बॅटरी चार्जिंगला. मी रिकाम्या गाडीची उंची मोजली, बॅटरीच्या वजनाने ती खाली बसली. दर रविवारी नवशिक्यांना ज्यासाठी ओरडतो तेच.
परतताना दादांना सांगितलं, चूक माझी. "असू दे." घराशी उतरले. गाडी मला देईनात, वर घेऊन गेले.
सौ. एवढंच म्हणाली, "अहो, एवढं एकच काम होतं." देवासमोर बसलो. मागायचं काय ते सुचेना.

१२ डिसें., गुरु.
दादांचा फोन, स्वतःहून. "शंकरराव, उंची नुसत्या बॅटरीसकट मोजायची की वरचं प्लॅस्टिकचं टरफलही घालून?"
"दोन्ही. शर्यतीला निघते तशी."
"टेबल डुगडुगतंय. फरशीला उतार."
"सपाट दगड हवा."
दादा म्हणाले, "बघतो." ठेवला.
ओटा हा शब्द अगदी तोंडात होता.

१४ डिसें., शनि.
सौ.ला घेऊन दादांकडे. स्वयंपाकघराचं दार उघडं. ओट्यावरचे वहिनींचे डबे खाली भिंतीशी ओळीने मांडलेले, ग्रॅनाइट पुसलेला, मधोमध गाडी. दादांनी वीतभर वरून सोडली, थांबले, वाकून पट्टी लावली. "मागून किंचित खाली." मी हात पुढे केला.
"राहू द्या. तुमचा हात बघितलाय."
सौ. हसली. किती दिवसांनी. चहा ठेवायला उठली तर, "बस तू. मी ठेवतो."
साखर सापडेना. तिघांनी डबे उघडले. एकात वहिनींनी भाजून ठेवलेले दाणे, खवट झालेले. दादांनी झाकण लावून तो डबा परत ओट्यावर ठेवला, गाडीशेजारी.
उद्याचं मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

१५ डिसें., रवि., सकाळ
दिवा लावून निघालो. दादांच्या इमारतीखाली गाडीत बसून लिहितोय. हॉर्न वाजवायचा नाही, सौ.ने बजावलंय. येणार का, माहीत नाही. इथून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. आत उजेड आहे. मघाशी वाटलं, उजेड गेला. नाही, दादा समोरून गेले असतील.