दमलेल्या इलेक्ट्रॉनांची बातमी

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, तेव्हा तूर्त कागदावरूनच). गुडघा काय म्हणतो? मामी सांगतात ते व्यायाम करता का? नसालच.

मागच्या पत्रात मी कळवलं होतं, की आम्ही रेडिओ दुर्बिणीने पाहतो त्या सर्पिल दीर्घिकेतले इलेक्ट्रॉन दमले आहेत. (ते पत्र तुम्ही दुकानात, दुरुस्तीला आलेल्या रेडिओंच्या वर, चौकटीत लावल्याचं आईकडून कळलं. गिऱ्हाइकांना वाचूनही दाखवता म्हणे.) हे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत रेडिओलहरी सोडतात आणि त्यातच आपली ऊर्जा उधळून बसतात. ज्याचा जोर जास्त, तो आधी गळपटतो. म्हणून वरच्या कंपनसंख्यांना दीर्घिका किती मंद झाली, त्यावरून इलेक्ट्रॉनांचं वय काढतात. आमचा आलेख तर त्या टोकाला जिन्यावरून घसरल्यासारखा कोसळला होता. मी निबंध लिहिला, आमच्या मार्गदर्शक बाईंनी पाठ थोपटली, तो छापायलाही गेला.

मग अँटेना सांभाळणाऱ्या काकांनी चहा ढवळता ढवळता विचारलं, "त्या टोकाची मापं घेताना अँटेना एकमेकींपासून किती लांब होत्या गं?" मी ऐटीत म्हटलं, भरपूर लांब, बारकावे दिसावेत म्हणून. "मग पसरट उजेड कसा सापडेल, बये?"

लांब लांब पांगलेल्या अँटेनांना बारीक ठिपके चोख दिसतात. सगळीकडे पसरलेला मंद उजेड मात्र चाळणीतल्या पाण्यासारखा निसटतो. इलेक्ट्रॉन ठणठणीत होते. दिसत नव्हतं ते मला. (हे सांगायला मी तीनदा बाईंच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा पाण्याची बाटली भरून परतले. चौथ्यांदा बाटली भरलेलीच होती.) बाईंनी आलेख पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाल्या, "निबंध मागे घेऊ. गुरुवारी सगळ्यांसमोर तूच सांग."

सांगेन. पण तेव्हापासून दुसरंच डोक्यात घोळतंय. आई म्हणते, मामा आता थकला, फोनवर दोन वाक्यांपुढे जात नाही. मीही हो म्हटलं होतं. आम्ही दोघी दोन गावांतून, दर रविवारी चार-चार मिनिटं तुम्हाला मोजतो आणि वय काढतो.

तुमची (चुकली तरी तुमचीच) भाची

ता. क. : ती चौकट कृपा करून उतरवा.

ता. क. २ : किंवा राहू द्या, आतला कागद बदला. हेही गिऱ्हाइकांना वाचून दाखवा.

ता. क. ३ : शुक्रवारी सकाळी येते आहे, आठवडाभर. माझं जुनं स्टूल तुमच्या टेबलाला चिकटवून ठेवा. बोलायलाच हवं असं काही नाही.