मधला एक चौकोन

११ जाने., रविवार
संध्याकाळी सातला परदेशातून रेणूचा फोन. तिच्याकडं सकाळ. अर्जाचा निकाल मार्चमध्ये. अवकाशातल्या त्या मोठ्या दुर्बिणीवर तिच्या ताऱ्यासाठी वेळ मिळाला तर तिकडची नोकरी आणखी तीन वर्षं. नाही मिळाला तर जूनमध्ये घरी. सगळं एका दमात सांगितलं तिनं. सौ.नं दोनदा विचारलं, "म्हणजे येणार का न्हाय?"
पोरीला समोर बसवून जेवायला घालून तीन वर्षं झाली. फोनवर दिसते ते मी धरत नाही.

१३ जाने., मंगळवार
फोटो पाठवला तिनं, जुन्या दुर्बिणीनं काढलेला. काळ्यावर निळंहिरवं कडं, काठाला तांबडं. म्हातारा झालेला तारा अंगातला वायू बाहेर टाकतो, त्याचं हे कडं. ग्रहीय अभ्रिका म्हणतात. ग्रहाशी संबंध काही नाही. जुन्या लोकांना लहान दुर्बिणीतून ग्रहासारखी गोल दिसली, नाव पडलं ते पडलं. सौ.च्या कानावर 'ग्रह' एवढंच गेलं. शांत करून घ्यायची का, म्हणाली.
विचारलं, रंग खरे का? तर म्हणे, "दुर्बीण काळंपांढरंच काढते नान्ना. ऑक्सिजनचा एक फोटो, हायड्रोजनचा एक, नायट्रोजनचा एक. मग आम्ही एकेकाला रंग देतो आणि एकावर एक ठेवतो."
म्हणलं, अगं हे आमचंच काम की. लूमवर लावायला एकेका रंगाचं वेगळं भोकांचं कार्ड. तीस वर्षं चादरींची डिझाइनं काढतोय, दुसरं काय केलं?
"मग मला इकडं सोपं कसं गेलं वाटतं तुम्हाला?"
लई बरं वाटलं. ह्याची चादर काढायची. रेणू आली की तिच्या अंगावर घालायला.

१५ जाने., गुरुवार
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. सिद्धेश्वराला जाऊन आलो दोघं. बाहेर आल्यावर सौ. विचारते, "काय मागितलं ओ?" म्हणलं, पोरीचं काम होऊ दे.
खोटं. हात जोडल्यावर तोंडात आलं ते, दुर्बिणीवाले तिला नाही म्हणू देत.
बाप आहे का कोण आहे मी. वहीत लिहिलं म्हणून हलकं होईल असं वाटलं होतं. नाही झालं.

२५ जाने., रविवार
पहिला नमुना लूमवर काढला. कारखान्याच्या शेठनं दुपारी लूम मोकळा दिला. कडं गोल यायचं तर अंडं आलं. उभे धागे आणि आडवे धागे सारखे बसत नाहीत, त्या मापाचा ग्राफ घ्यावा लागतो, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी घाईत साधा कागद घेतला. तीस वर्षांनी ही चूक. शेठ नुसता बघून गेला, तेच जास्त लागलं.
फोटो रेणूला पाठवला, हसेल म्हणून. हसली नाही. "नान्ना, ती अभ्रिका खरंच अशी आहे! आपण समोरून बघतो म्हणून गोल दिसते. बाजूनं बघितली तर लांबटच असणार."
बाजूनं जाऊन कोण बघणार, म्हणलं. "कोणीच नाही. लांबूनच अंदाज करायचा."
 ते वाक्य दिवसभर डोक्यात.

८ फेब्रु., रविवार
नवा ग्राफ. हातानं काढतोय. कॉम्प्युटरवर दोन तासांत होतं हे मलाही माहीत आहे. काठ झाला, निळं झालं. मध्ये अडलो. जुन्या फोटोत मधोमध एकच ठिपका. रेणूला वाटतं तिथं दोन तारे आहेत, एक दुसऱ्याच्या उजेडात लपलेला. त्या जोडीदारामुळंच कडं असं ओढल्यासारखं. नव्या दुर्बिणीला तो दिसेल, तेवढ्याचसाठी तर अर्ज.
म्हणजे एक चौकोन भरायचा की दोन, ते कळणार का नाही, ते मार्चवर.

२२ फेब्रु.
सौ. ग्राफ बघून म्हणाली, "कधी संपायचं हे? विणून टाका आणि कुरियरनं पाठवा. तिकडं थंडी हाय पोरीला."
कुरियरनं पाठवली की ती येईल कशाला?
हे मोठ्यानं बोललो वाटतं. सौ. आत गेली. थोड्या वेळानं चहा आणून ठेवला, साखर जास्त.

११ मार्च, बुधवार
मिळाला.
रेणूचा फोन, अवेळी, भर दुपारी. तिच्याकडं उजाडलंही नसेल. "नान्ना, मिळालं." म्हणलं, शाब्बास. परत म्हणलं, शाब्बास.  घरी सांगितल्यावर सौ. रडली, ती आनंदानं म्हणते.
लूमचा आवाज होता म्हणून बाहेर जिन्यात येऊन बोललो. रेणू म्हणाली, "एक सांगू? मेल उघडायच्या आधी मनात आलं, नाही म्हणाले असतील तर बरं. घरी जाता येईल." आणि हसली. तसलं हसणं मी ओळखतो, लहानपणी पडली की असंच हसायची.
माझं गड्ड्याच्या दिवसाचं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात शेठनं हाक मारली. सांगायचं राहिलं.

१५ मार्च, रविवार
घरी तेलुगू बोलतो, रेणूही बापाला नान्नाच म्हणते, पण लिहिता येत नाही. शाळा मराठी. नाहीतर काही गोष्टी तेलुगूत लिहिल्या असत्या.

२२ मार्च, रविवार
दुर्बीण तिच्या ताऱ्याकडं वळायची आहे दिवाळीच्या आसपास, नक्की दिवस नंतर कळतो. कितीही लांबचं असलं तरी तिचा नंबर लागला म्हणायचं. सौ.नं शेंगाची चटणी बांधून ठेवली आहे, नेणारा कुणी मिळाला तर.
रेणू: "चादर झाली का?"
"ग्राफ झाला. मधला तारा तेवढा राहिला. एक की दोन ते तू बघून सांगशील."
"फोटो आला की लगेच फोन करते की."
"फोनवर नको."
  तर म्हणाली, "लूम तोवर कुणाला देऊ नका, नान्ना."
शेठला उद्या विचारतो. दिवाळीपर्यंत कोण ठेवून घेणार, पण विचारतो. ग्राफ गुंडाळून कपाटावर ठेवला, सौ.चा हात पोचत नाही तिथं. मधल्या चौकोनावर पेन्सिलनं बारीक लिहिलं: रेणू आली की.