विहिरीजवळ रेस देऊ नकोस

गुरू,

आईला घेऊन रत्नागिरीला मावशीकडे जातेय. चार दिवस तरी तिकडेच राहू. बांगड्याचं कालवण फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

नवा ट्रॅक्टर माडांमधून वळत नव्हता, मान्य. पण तो विकून नेमका बाबांचा होता तसलाच जुना सेकंडहँड आणायचा होता, तर मला आधी विचारायचंस. आवाजसुद्धा तोच आहे रे. विहिरीजवळ आलास की बंद पडू नये म्हणून तू दोनदा रेस देतोस. बाबा तशी चहासाठी द्यायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आई ते ऐकून उठते, तीन चमचे साखर घालून चहा करते आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवून येते. पहिले तीन दिवस मी तो भरलेला कप गुपचूप माडाच्या आळ्यात ओतला.

काल गेले तर कप रिकामा होता.

तू चहा पीत नाहीस, माहीत आहे मला. तरी विचारते, काल तूच प्यायलास ना? संध्याकाळी फोन करीन. नुसतं हो म्हण.

ताई