सायरन वाजल्यावर तुमचा हात

नाही आप्पा, आज मधे बोलायचं नाही. तुम्ही मुद्दाम हरत होता, हे मी इतकी वर्षं मनात धरून बसले, आणि तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं की पोरी, तसं नव्हतं. एकदा. तुम्ही हसलात फक्त. ते हसणंच नडलं.

सात रस्ता चौकातल्या दुकानातून तुम्ही तो जुना कॉम्प्युटर आणला, रिक्षात मांडीवर घेऊन. त्याच्यासोबत एका गेमची सीडी फुकट आली होती. गेम तेव्हाच जुनाट होता. दोन बेटं, मधे पूल, दोघांचा एकेक झेंडा. समोरच्याचा झेंडा उचलून आपल्या तळावर आणायचा. रणगाडा होता, हेलिकॉप्टर होतं, पण झेंडा उचलता यायचा तो फक्त जीपला, आणि जीप म्हणजे एका गोळ्यात खलास. एकाच कीबोर्डवर आपण दोघं. डावीकडची बटणं माझी, उजवीकडचे बाण तुमचे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की आपण बसायचो. आई भांडी घासता घासता ओरडतेय, "आवो, पोरीचा अभ्यास हाय की! ह्या वयात काय जीपा फिरवताय?" आणि तुम्ही स्क्रीनवरची नजर न काढता म्हणताय, "थांब गं, माजा पूल उडीवला हिनं."

तुम्ही वाईट खेळायचा नाहीत. तुमचा रणगाडा माझी अर्धी जीप-पलटण पुलावरच उडवायचा. पण एकदा का मी तुमचा झेंडा उचलला आणि सायरन वाजला, की तुमचं सगळं थांबायचं. रणगाडा तोफ रोखून जागच्या जागी उभा. माझी जीप त्याच्या नाकासमोरून निघून जायची. तुम्ही भानावर येईपर्यंत मी पूल ओलांडलेला असायचा. मग तुम्ही म्हणायचात, "जितलीस की! लई फास्ट हायेस." आणि मी घरभर नाचायचे.

मग गावाहून काकांचा पोरगा आला. दोन डाव बघितले आणि खदखदून हसला. "अगं येडे, काका मुद्दाम हारत्यात की! तोफ समोर आन् मारंनात. पोरगी हाय म्हून सोडत्यात तुला." अकरावीत होते मी. त्याच आठवड्यात कॉलेजच्या वादविवादात पहिली आले होते, तिथंही पोरं तेच कुजबुजत होती, मुलगी आहे म्हणून दिला नंबर. मी तुमच्याकडे वळले. "आप्पा, खरंय हे? मुद्दाम हरता?" तुम्ही मान खाजवलीत, हसलात. "जितलीस न्हवं? बास की मग." मी सीडी काढली आणि म्हणाले, तुमच्याशी परत खेळणार नाही. आणि खेळले नाही. मग दर सुट्टीला तुम्ही जेवून हात पुसत दारात उभे. "एक डाव?" मी पुस्तकातून मान वर न करता, "अभ्यास आहे." दोन वर्षं चाललं हे. मग एका सकाळी तुमच्या छातीत दुखलं, आणि दुपारपर्यंत तुम्ही नव्हतात.

आता ऐका. परवा मी अक्कलकोट रोडला, तुम्ही जिथं चादरी विणायचात त्या कारखान्यात गेले. यंत्रमागांवर काहीतरी लिहायचं डोक्यात होतं, काय ते अजून मलाच कळलेलं नाही. तुमच्या शेजारच्या मागावरचे मामा अजून आहेत. केस पांढरे, आवाज तसाच, कानाशी येऊन किंचाळल्यासारखा. आईची चौकशी करत होते. त्या खडखडाटात मला त्यांचं निम्मं ऐकू येईना. आणि बोलता बोलता, वाक्य अर्धं तोंडात असताना, त्यांचा उजवा हात बाजूला गेला आणि हँडल खाली. माग बंद. मी म्हटलं, काय झालं? "धागा तुटला की. आवाज बदलला, ऐकलं नाय तू?" मला सगळा खडखडाट सारखाच वाटत होता. ते गाठ मारत म्हणाले, "डोक्याला कळायच्या आधी हात जातो बाळा. नाय गेला तर अख्खी चादर खराब. तुझा बाप तर आमच्या वरचा! एकदा क्यान्टीनमधे कपबशी फुटली, तर हा बसल्या जागी हवेत हँडल वडतोय! हसून हसून मेलो आमी."

ते हसत होते. मी तिथंच, सुताच्या पोत्याला टेकून उभी राहिले.

कारण मला दिसला तुमचा हात, आप्पा. सायरन वाजतोय, आणि बाणांवरची तुमची बोटं उचलली जाताहेत, हात उजवीकडे, टेबलाच्या कडेपाशी जाऊन थांबतोय. दरवेळी. मी तो हात बघायचे आणि वाटायचं, नाटक करताहेत. आवाज बदलला की थांबवायचं, हेच तुमच्या हाताला आयुष्यभर शिकवलेलं. म्हणजे मी खरंच जिंकत होते. आणि तुम्ही खरंच हरत होता, जीव तोडून. मग सांगितलं का नाहीत? की तुम्हालाही ठाऊक नव्हतं हात का उठतो ते? मला वाटतं ठाऊक नव्हतं. मला वाटतं तुम्ही स्वतःच नंतर विचार करत बसत असाल, आपण ऐन वेळी असं का करतो म्हणून.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार आहे मी? कुठल्याच नाही. वहीत राहील. पण लिहितेच आहे तर एक सांगते. त्या दोन वर्षांत दर सुट्टीला मी पुस्तक उघडून बसायचे ना, तेव्हा एक ओळही वाचत नव्हते. तुम्ही दारातून वळल्यावर वाटायचं, अजून एकदा विचारलंत तर उठायचं. तुम्ही एकदाच विचारायचात.

बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, आई "गाडी चुकंल" म्हणून ओरडतेय. निघाले मी. काही बोलू नका.